प्रकल्प नोंदी : मालकांचे कागद, गुलामांची नावं

९ जून २०२४

कामाला आज रीतसर सुरुवात केली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या दोन घराण्यांचे जुने कागद वाचायचे, मराठीत त्यांचं टिपण करायचं आणि त्यांत भेटणाऱ्या गुलाम माणसांच्या नावांची एक सूची तयार करायची, असं ठरलं आहे. आमच्या मोडी वाचन मंडळात हा विषय बरेच दिवस निघत होता. रॅलेला राहणाऱ्या भाचीने शेवटी विचारलंच, "मावशी, तू दोनशे वर्षांपूर्वीचं मोडी वाचतेस. मग दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी का नाही?"

पहिलं घराणं बेनेहन-कॅमरन. त्यांचं दफ्तर चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या विल्सन ग्रंथालयात आहे. रिचर्ड बेनेहन हा मूळचा व्हर्जिनियाचा दुकानदार. डरहॅमजवळ स्टॅगव्हिल इथे त्याने जमीन घेतली, १७८७ च्या सुमारास घर बांधायला काढलं. त्याची मुलगी रिबेका हिचं १८०३ मध्ये डंकन कॅमरन या वकिलाशी लग्न झालं. त्यांचा मुलगा पॉल. सोयरीक, वारसा आणि खरेदी यांतून पसारा इतका वाढला की १८६० पर्यंत घराण्याकडे सुमारे ३०,००० एकर जमीन आणि सुमारे ९०० गुलाम माणसं होती.

दुसरा संग्रह ड्यूक विद्यापीठातला, रँडॉल्फ काउंटीच्या जोसेफ ऑलरेडच्या कागदांचा. तो आपल्याला हवा आहे एका पत्रासाठी. त्याबद्दल वेळ आली की लिहीन.

१४ जून

अक्षराशी झटापट. मोडीत निदान एक शिस्त असते, कारकुनाने ती गिरवलेली असते. इथे घरातली माणसं एकमेकांना लिहिताहेत, तीही घाईत, बोरूच्या नव्हे तर पिसाच्या लेखणीने. १८४५ पर्यंत टपालाचा दर कागदाच्या तावांवर आणि अंतरावर ठरत असे, म्हणून माणसं एकाच तावात शक्य तितकं कोंबत. पान भरलं की ते आडवं फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात पुढे लिहीत. पहिल्यांदा अशी जाळी पाहिली तेव्हा वाचायला कुठून धरावं तेच कळेना. भिंग बाजूला ठेवलं, एका दिशेच्या ओळी डोळ्यांत बसवल्या आणि मग दुसऱ्या दिशेच्या धरल्या. तिसऱ्या दिवशी जमू लागलं.

२३ जून

एक चूक नोंदवून ठेवते, म्हणजे मंडळातल्या दुसऱ्या कुणाची होणार नाही.

याद्यांमध्ये मला एका माणसाचं नाव सारखं दिसत होतं. दोन अक्षरी, 'डो' किंवा 'डू'. कपडे वाटले, डू. जोडे दिले, डू. मी त्याला सूचीत घातला, त्याच्या नावावर अकरा नोंदी केल्या, आणि हा माणूस इतक्या ठिकाणी एकाच वेळी कसा, या विचाराने रात्री जागी राहिले. सकाळी भाचीला स्कॅन पाठवला. तिचा निरोप आला : "मावशी, ते डिट्टो आहे. वरच्यासारखंच." आपल्याकडे जमाखर्चात 'सदर' किंवा 'सदरहू' लिहितात तसं.

अकरा नोंदी खोडल्या. पण या चुकीतून एक गोष्ट ध्यानात आली. 'वरच्यासारखंच' हा शेरा कापडाच्या मापाला आहे, कांबळ्यांच्या संख्येला आहे, आणि माणसांच्या वर्णनालाही आहे. एकाच स्तंभात, एकाच हाताने, एकाच खुणेने. लिहिणाऱ्याला त्यात काही फरक वाटत नव्हता.

३० जून

आज फक्त शब्दांवर बसले. पान एकही पुढे सरकलं नाही, तरी हे केल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नव्हतं.

अशा घराण्यांच्या पत्रांत गुलाम हा शब्द फार क्वचित येतो. मालक लिहितात 'सर्व्हंट्स', 'हँड्स', 'माय पीपल', कधी 'आमचं काळं-गोरं कुटुंब'. मी पहिल्या मसुद्यात 'माय पीपल'चं सरळ 'आमची माणसं' केलं होतं. परत वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण ते मराठीत फारच सहज बसलं होतं. 'आमची माणसं आहेत ती', 'घरचेच गडी' हे मी लहानपणी आजोळी ऐकलेलं आहे. त्या शब्दांत माया असते, पण कोण कुणाचं आहे तेही असतं.

मग 'सालगडी' करून पाहिलं. नाही. सालगड्याचं साल कर्जात संपता संपत नाही हे खरं, त्याचे हाल मी कमी लेखत नाही. पण त्याला रिचमंडच्या बाजारात उभं करून विकता येत नाही, त्याच्या मुलाला मृत्युपत्रात जावयाच्या नावावर करता येत नाही. 'नोकर' लिहिलं तर पगार आहे असं वाटतं.

आपल्या दफ्तरांतला शब्द आहे 'कुणबीण'. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्याच्या, किल्ल्यावर किंवा कोठीवर कामाला लावल्याच्या नोंदी सापडतात. मोडी शिकताना अशी पहिली नोंद वाचली तेव्हा मी गुरुजींना विचारलं होतं, ही जात का? ते म्हणाले, "नाही बाई, ही विकत घेतलेली बाई." आपल्याकडे हे नव्हतंच असं समजून हे काम कुणी वाचू नये, एवढ्यासाठी हे इथे लिहिते. पण कुणबीण हा शब्द इथला, तिथल्या बाईला तो लावणं म्हणजे दोघींचंही आयुष्य पुसट करणं.

शेवटी 'गुलाम' वरच स्थिर झाले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये शूद्रातिशूद्रांच्या दास्यावरचं आपलं पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा त्यांनी हाच शब्द मथळ्यावर घेतला. त्यात आडपडदा नाही. मालकाच्या तोंडचा शब्द मात्र जसा आहे तसाच, 'सेवक' किंवा 'माणसं', असा ठेवायचा आणि आपल्या टिपणात 'गुलाम' म्हणायचं. दोन आवाज वेगळे ऐकू आले पाहिजेत.

६ जुलै

जन्मांच्या नोंदी. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

या घराण्याने पिढ्यान् पिढ्या गुलामांच्या जन्मांची नोंद ठेवली. मूल, जन्मतारीख, आईचं नाव. बापाचं नाव बहुतेक ठिकाणी मागेच राहतं. मला सुरुवातीला वाटलं, हा लिहिणाऱ्याचा विसराळूपणा. तसं नाही. व्हर्जिनियात १६६२ मध्ये कायदा झाला की मूल आईच्या स्थितीत जन्मतं, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. दक्षिणेत सगळीकडे हेच तत्त्व चाललं. म्हणजे मालकी आईच्या नावावरून सिद्ध होते. गाभण गाईचं वासरू ज्याची गाय त्याचं, तसं. बाप गोरा मालक असला तरी मूल त्याच्याच मालमत्तेत जमा व्हायचं. म्हणून आईचा स्तंभ इतक्या काळजीने भरलेला आहे.

आणि त्याच स्तंभामुळे आज ही कुटुंबं परत जोडता येतात. अमेरिकन इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी अशाच जन्मनोंदी पिढ्यांच्या क्रमाने लावल्या आणि १९७६ मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं. गुलामगिरीत काळी कुटुंबं मोडून गेली, त्यांना नात्यांची जाण उरली नाही, असं तोवर सर्रास म्हटलं जाई. त्या म्हणण्याला या नोंदींनीच उत्तर दिलं. गटमन यांना जी गोष्ट दिसली ती मराठी माणसाला समजवून सांगावी लागत नाही : मुलाला बापाचं, आजोबाचं, काकाचं नाव ठेवलेलं सापडतं. मुलीला आईचं नाव मात्र क्वचित. मालकाच्या वहीत बापाला जागा नव्हती, तेव्हा आईबापांनी ते नाव मुलाच्या अंगावरच लिहून ठेवलं. बाप विकला गेला तरी नाव घरात राहिलं.

माझ्या भावाच्या मुलाला आमच्या वडिलांचं नाव आहे. भावजय त्याला हाक मारताना आजही अडखळते, दुसरंच नाव घेते. सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आजच्या याद्या वाचताना हेच सारखं मनात येत होतं, की त्या गुलामांच्या खोल्यांमध्ये संध्याकाळी एखादी बाई मुलाला हाक मारत असेल आणि तीच हाक त्या नावाच्या दुसऱ्या माणसालाही असेल.

सूचीत बदल : आईच्या स्तंभाशेजारी बापासाठी एक रिकामा स्तंभ घातला. मुलाच्या नावावरून नुसता अंदाज असेल तर पेन्सिलीने लिहायचं, शाईने नाही.

१३ जुलै

थोडंच काम. १८४४ मध्ये पॉल कॅमरनने शंभराहून अधिक माणसं अलाबामात ग्रीन्सबरोजवळच्या नव्या जमिनीवर पाठवली, कापूस पिकवायला. नॉर्थ कॅरोलायनाची जमीन तंबाखूने आणि धान्याने दमलेली, तिकडे कापसाला भाव. पुढे मिसिसिपीतही जमीन घेतली. इथे ज्यांच्या नावावर कपडे आणि धान्य लागत होतं ती नावं १८४४ नंतर स्टॅगव्हिलच्या हिशेबातून सरळ नाहीशी होतात. दोन्ही टोकांच्या याद्या समोरासमोर लावल्याखेरीज कोण कुणापासून तुटलं ते कळत नाही. ते काम पावसाळाभर चालेल.

त्याच अलाबामाच्या जमिनीचे तुकडे अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर काही मुक्त झालेल्या माणसांनी कॅमरनकडूनच विकत घेतले आणि तिथेच राहिले. मंडळात हे सांगितलं तेव्हा खानदेशातल्या एका जुन्या सभासदांनी आठवण करून दिली की त्याच युद्धात, १८६१ ते १८६५, अमेरिकेचा कापूस लिव्हरपूलला पोहोचेना म्हणून आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि युद्ध थांबताच मुंबईचा बाजार कोसळला. त्यांचं म्हणणं टिपणात समासात घेतलं आहे.

२१ जुलै

आज ऑलरेडच्या कागदांतलं व्हायलेटचं पत्र.

तारीख २९ ऑगस्ट १८५७. ठिकाण जॉर्जिया, बुलॉक काउंटी. लिहिणारी व्हायलेट लेस्टर, गुलाम. जिला लिहिलं ती मिस पॅट्सी, नॉर्थ कॅरोलायनातल्या जुन्या मालकाच्या घरची. गुलामगिरीत असताना गुलामाने लिहिलेली पत्रं फारच थोडी उरली आहेत, त्यातलं हे एक. उरलं तेही मालकाच्या बाजूच्या कागदांत पडून राहिलं म्हणून. व्हायलेटला आलेली पत्रं, आली असली तर, तिला ठेवायला पेटी कुठली?

नॉर्थ कॅरोलायनात १८३० च्या कायद्याने गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा होतं. आकडे तेवढे शिकवायला हरकत नव्हती. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे : आकडे सोडून. मोजायला येणारा गुलाम उपयोगाचा असतो. शिकवणाऱ्या गोऱ्याला शंभर ते दोनशे डॉलर दंड किंवा कैद, आणि गुलामानेच दुसऱ्या गुलामाला शिकवलं तर उघड्या पाठीवर एकोणचाळीस फटके. हे पत्र व्हायलेटने स्वतः लिहिलं की कुणाकडून लिहवून घेतलं, ते कागदावरून ठरत नाही. बोलणं तिचं आहे, ते दर ओळीत कळतं.

ती आपला प्रवास सांगते. रँडॉल्फहून रॉकिंगहॅम, तिथे पाच आठवडे. तिथून व्हर्जिनियातलं रिचमंड, 'विकली जाण्यासाठी', तिथे तीन दिवस. ग्रूव्हर नावाच्या माणसाने घेतली, जॉर्जियाला आणली, नऊ महिने ठेवली. तो व्यापारी होता, त्याने राइम्सला विकली. राइम्सने लेस्टरला. हे सगळं एका वाक्यात आहे, मध्ये पूर्णविराम नाही. मी मराठीत पूर्णविराम घातले होते, वाचायला सोपं जावं म्हणून. काढून टाकले. तिला कुठे थांबू दिलं होतं, की आपण थांबावं?

मग ती म्हणते, लेस्टरकडे आपण चार वर्षं आहोत, आणि तो म्हणतो की मरण आपली ताटातूट करेपर्यंत तुला ठेवीन. हे शब्द लग्नातल्या शपथेचे आहेत. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती, त्यांची लग्नं लावताना काही पाद्री 'मरण किंवा अंतर ताटातूट करेपर्यंत' असं म्हणत. नवराबायकोला जे वचन मिळत नव्हतं ते इथे मालक मालकीबद्दल देतो आहे. आणि ती लगेच पुढे जोडते, 'नॉर्थ कॅरोलायनातल्या माझ्या जुन्या ओळखीच्या कुणाला मला परत विकत घ्यायचं नसेल तर'. विनंती आहे, पण विनंतीसारखी केलेली नाही. परक्या घरात राहणाऱ्या बाईला असं बोलावं लागतं, हे मला शिकवावं लागलं नाही.

२२ जुलै

कालचंच पुढे. काही ओळींचा मसुदा :

"तुम्हाला आणि म्हाताऱ्या धन्याला आणि मिस रेचेलला आणि आईला बघायची किती ओढ लागलीय ते मला सांगता येत नाही. मिस रेचेलची ओढ जास्त की आईची ते मलाच कळत नाही. आईला बघावंसं वाटतं असं मी समजत होते खरी, पण आई हवी आणि तिच्यापाशी जाता येऊ नये हे काय असतं ते याआधी कधी कळलं नव्हतं."

'बॉस'ला 'धनी' केलं. मराठीत बॉस म्हटलं की कचेरी येते डोळ्यासमोर. धन्यात मालकी आहे, धाकही आहे. मिस पॅट्सीचं 'पॅट्सीताई' करावं असं मंडळातल्या एका बाईंनी सुचवलं. मन वळलं होतं, पण नको. ताई म्हटलं की दोघी एका घरच्या होतात. 'मिस' तसंच ठेवलं.

पत्र संपवताना ती स्वतःला काय म्हणवते ते मला कालपासून सुटत नव्हतं. तुमची पुष्कळ काळापासूनची प्रिय, भलं चिंतणारी 'प्ले मेट', मरेपर्यंत 'सर्व्हंट' म्हणून. बरोबर खेळलेली आणि गुलाम, दोन्ही एकाच दमात. मैत्रीण म्हणावं तर बरोबरी येते, सवंगडी म्हणावं तर सेवा सुटते. आज दुपारी तांदूळ निवडताना शब्द सापडला : खेळगडी. आपल्या भाषेने खेळगड्यात गडी आधीच घालून ठेवला आहे. लहानपणी एका अंगणात खेळलेल्या दोघी, आणि त्यातली एक दुसरीची मालमत्ता. ओळ अशी केली : "तुमची पूर्वीपासूनची लाडकी, तुमचं भलं चिंतणारी खेळगडी, मरेपर्यंत तुमचा गडीच." यावर मंडळात मतभेद होतील. मी ती ओळ धरून राहणार आहे.

शुद्धलेखनाचा निर्णय. मूळ पत्रात शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे लिहिले आहेत. 'कळणं' आणि 'नाही' या दोन्हींसाठी ती कधी कधी एकच शब्द लिहिते, त्यामुळे 'मला कळू दे' वाचताना क्षणभर 'मला नाही' असं वाटतं. मराठीत मुद्दाम ऱ्हस्वदीर्घ बिघडवून लिहिलं तर वाचणारा हसेल. व्हायलेटला कुणी हसलेलं मला चालणार नाही. भाषा बोलीतली ठेवली, लेखन शुद्ध ठेवलं.

आता पत्राचं काळीज. ती लिहिते, "माझ्या जिवाच्या तुकड्याचं, माझ्या पोरीचं काय झालं ते मला कळायला हवं. गोल्ड्सबरोला मिस्टर वॉकरपाशी तिला सोडून आले, तेव्हापासून काही कानावर नाही." वॉकर म्हणाला होता की मुलीला रॉकिंगहॅमला नेऊन आपल्या बहिणीला देईन. दिली का? आणि लगेच पुढे व्यवहार : धनी (म्हणजे आता लेस्टर) विचारतात की वॉकर तिला विकेल का, कमीत कमी काय घेईल, उत्तर लवकर हवं. आईची तळमळ आणि मुलीचा भाव एकाच वाक्यात चालतात, कारण मुलीपर्यंत जायला दुसरा रस्ताच नव्हता. लेस्टर हा 'समजूतदार आणि माया असलेला' माणूस आहे असंही ती लिहिते. पत्र पाठवणं त्याच्याच हातात होतं, तो ते वाचणार किंवा त्याच्यासमोरच ते लिहिलं जाणार. ती ओळ तशीच अनुवादित केली, खाली काही जोडलं नाही.

शेवटी ती पत्ता देते, मिलरे, बुलॉक काउंटी, जॉर्जिया, आणि पुन्हा एकदा उत्तर पाठवा म्हणून विनवते.

२८ जुलै

भाची काल स्टॅगव्हिलला जाऊन आली. ते आता राज्याने जपलेलं ऐतिहासिक ठिकाण आहे. रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. हॉर्टन ग्रोव्हमधली गुलामांची दुमजली लाकडी घरं १८५० च्या आसपासची, चार खोल्यांची, खोलीत एक कुटुंब. मोठं कोठार १८६० चं, आतून बघताना एखाद्या देवळाच्या सभामंडपासारखं उंच.

ती एका धुराड्यापाशी थांबली आणि म्हणाली, "मावशी, आता नीट बघ." विटेवर बोटांचे ठसे. ओली वीट उचलताना उमटलेले, भट्टीत भाजून पक्के झालेले. तिने आपली बोटं त्यांच्याजवळ धरली, टेकवली नाहीत. ठसे तिच्या बोटांपेक्षा लहान होते. ओल्या विटा उलथायचं काम पुष्कळ ठिकाणी मुलांकडे असे. आमच्या गावच्या वीटभट्टीवर कच्च्या विटांना पलटी मारणारी पोरं मी पाहिली आहेत, सकाळच्या उन्हात ओळीने उकिडवी बसलेली. आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही.

तिथे उत्खननात एक कवडीही सापडली होती. कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या, आपल्या हिंदी महासागरातून जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत जात आणि तिथे चलन म्हणून चालत. माणसं कवड्या मोजून विकत घेतली जात. त्यातली एक कुणीतरी जपली आणि ती स्टॅगव्हिलच्या मातीत राहिली. आपल्याकडे कवडी देवीच्या माळेत असते. जपणाऱ्याच्या मनात काय होतं ते कागदात नाही.

ठशांना सूचीत जागा दिली. नावाच्या स्तंभात 'वीट, हॉर्टन ग्रोव्ह' असं लिहिलं.

४ ऑगस्ट

मेरी वॉकर. व्हायलेटच्या पत्रातल्या वॉकरशी हिचा संबंध नाही, आडनाव तेवढं एक. सूचीत दोन्ही नावांपुढे तशी खूण केली आहे.

मेरी कॅमरनांच्या घरातली गुलाम. डंकन कॅमरनची मुलगी मिल्ड्रेड आजारी होती, तिच्या उपचारांसाठी घरची मंडळी फिलाडेल्फियाला जात, मेरी बरोबर असे. पेनसिल्व्हेनियाने १८४७ मध्ये कायदा बदलला होता, पाहुण्या मालकांना तिथे गुलाम बाळगण्याची मुभा राहिली नव्हती. १८४८ मध्ये मेरी त्या घरातून निघून गेली. मागे आई आणि तीन मुलं राहिली, फ्रँक, अ‍ॅग्नेस, ब्रायंट. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवण्याच्या १८५० च्या कायद्यानंतर उत्तरेकडच्या राज्यांतही तिला निर्धास्त राहता येईना. तिला आसरा देणाऱ्यांपैकी पीटर लेस्ली या भूगर्भशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये मिल्ड्रेडला पत्र लिहिलं : मेरीची मुलं आम्हाला विकत द्या. ते पत्र कॅमरनांच्या कागदांतच आहे. मागणी मान्य झाली नाही.

फ्रँक १८५२ मध्येच पळून गेला होता. अ‍ॅग्नेस आणि ब्रायंट आईपाशी पोहोचले ते १८६५ मध्ये, युद्ध संपताना. सतरा वर्षांनी.

व्हायलेट आणि मेरी, दोघींच्या पत्रांत तीच विचारणा. एकीने गुलामीत राहून केली, दुसरीसाठी एका स्वतंत्र माणसाने चांगल्या इंग्रजीत केली. मिल्ड्रेड स्वतः आजारी, अंथरुणाला खिळलेली, मेरीने तिची शुश्रूषा केलेली. त्या पत्राची घडी तिने कशी उलगडली असेल, हे मी पुष्कळदा मनात आणून पाहिलं. दुःख माहीत असलेलं माणूसही 'नाही' म्हणू शकतं, हे मला मान्य करायला जड गेलं.

१० ऑगस्ट

मालकांचे कागद पुरे वाटत नव्हते म्हणून १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून घेतलेल्या मुलाखती काढल्या. तोवर हयात असलेल्या, गुलामीत जन्मलेल्या वृद्धांना गाठून त्यांचं बोलणं लिहून घेतलं गेलं. स्टॅगव्हिलचे दोघे सापडले.

अ‍ॅब्नर जॉर्डन, जन्म सुमारे १८३२. सुरुवातच आईबापाच्या नावांनी करतो : बाप ओबेड, आई एला, आम्ही तेरा भावंडं. मालकाकडे पाच हजार गुलाम होते म्हणतो. आकडा खरा नाही, ९०० च्या आसपास होते. पण तो पुढे सांगतो की मालकाला रस्त्यात आपलीच माणसं भेटली तरी ओळखता येत नसत, कुणाचे रे तुम्ही असं विचारावं लागे, आणि ते सांगत, पॉल कॅमरनचे. ते ऐकलं की पाच हजार हा आकडा कुठून आला ते समजतं.

दुसरे डॉक एडवर्ड्स, जन्म १८५३. बाप मर्फी मॅक्युलर्स, आई ज्युडी. तसं पाहिलं तर मी मॅक्युलर्सच व्हायला हवा, म्हणतात, पण सगळे मला एडवर्ड्सच म्हणत आले आणि आजही म्हणतात.

पेन्सिलीच्या स्तंभात दोन बापांची नावं आज शाईने लिहिली. ओबेड. मर्फी. मुलांनीच सांगितली आहेत.

१८ ऑगस्ट

सूचीचा पहिला भाग पूर्ण करायला बसले. उरलेल्या अडचणी :

१८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची नावंच नाहीत. मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. नावं येतात १८७० पासून. मधल्या दुव्यासाठी नॉर्थ कॅरोलायनातल्या १८६६ च्या नोंदवह्या कामाला येतील. त्या वर्षी कायदा झाला की गुलामीत एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी अधिकाऱ्यापुढे जाऊन, कधीपासून नवराबायको म्हणून राहतो ते सांगावं. फी पंचवीस सेंट. पंधरा, वीस, तीस वर्षांचे संसार माणसं पैसे भरून कागदावर घालत होती. तिथे प्रथमच नवऱ्याचं आणि बायकोचं नाव एका ओळीत येतं. भाची त्या वह्यांच्या प्रती मागवते आहे.

व्हायलेटला सूचीत कुठे घालायचं? लेस्टर हे तिच्या शेवटच्या मालकाचं आडनाव, त्याच्या अक्षराखाली तिला ठेवणार नाही. व्हायलेट, 'व'खाली. ठिकाणं : रँडॉल्फ, रॉकिंगहॅम, रिचमंड, बुलॉक. आई : आहे, नाव पत्रात नाही. भाऊ, बहीण : आहेत.

तिच्या मुलीची वेगळी नोंद केली. आज तासभर तिथेच अडले होते, कारण पत्रात मुलीचं नाव कुठेच नाही. मिस पॅट्सीला ते ठाऊकच असणार, म्हणून लिहिलं नसेल. नावाचा स्तंभ रिकामा ठेवला. ठिकाण : गोल्ड्सबरो, पुढे कदाचित रॉकिंगहॅम. आई : व्हायलेट. हे शाईने लिहिलं.